गुप्ती आणि काठी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला ‘कामगार कायदे’ या विषयावर बोलावयास सांगितले होते. तो विषय मी बदलून घेतला. त्याचे कारण आधी सांगतो. मागल्या महिन्यात बाजाराच्या आवारात एक तरुण हमाल माझ्याजवळ आला आणि त्याने मोबाइलवर एक चित्र दाखविले. काळीभोर काठी, पितळी सिंहाच्या तोंडाची मूठ. मूठ ओढली की आतून हातभर पाते बाहेर. काठीची लांबी आपल्या उंचीप्रमाणे, मुठीवर आपले नाव कोरून, पैसे वस्तू हातात पडल्यावर. खाली बारीक अक्षरात ‘शोभेची वस्तू’ असे लिहिलेले. तो म्हणाला, “भाऊ, मांगवू का? कायद्यात चालते ना?” मी म्हटले, “याचं उत्तर एका वाक्यात देत नाही. व्याख्यानाले ये.”

मी वकील नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. जो काही कायदा शिकलो तो रद्दीवाल्याकडून किलोने घेतलेल्या पुस्तकांतून, पोत्यांच्या थप्पीवर बसून. आणि थोडा कोर्टाच्या व्हरांड्यात, आरोपी म्हणून. तेव्हा माझे काही चुकले तर समोर बसलेल्या वकील मंडळींनी मला शेवटी जरूर टोकावे.

वस्तू जुनी आहे. गुप्ती हे तिचे नावच तिचा स्वभाव सांगते. मोगलांच्या आणि दख्खनच्या दरबारांत जफर तकिया म्हणून एक प्रकार असे. बसल्या जागी हात टेकावयाची आखूड कुबडी, आणि तिच्या पोटात पाते. फकिराच्या कुबडीतही पाते दडविलेले नमुने संग्रहालयांत पाहावयास मिळतात. आपल्या गावाच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांच्या हातची कुबडी आपण लहानपणापासून पाहात आलो, पण तिच्या पोटात काय असेल असा प्रश्न आपल्यापैकी कोणाला पडला होता काय? तिकडे युरोपात कमरेला तलवार लावण्याची चाल मोडली तेव्हा ती तलवार सभ्य गृहस्थांच्या काठीत शिरली. त्याच इंग्लंडने १९८८ साली अशा काठ्या बनविण्यास आणि विकण्यास बंदी घातली. शंभर वर्षांहून जुनी असेल तेवढी वगळली.

आपल्याकडचा कायदा त्याच इंग्रजाने आणला. लिटनसाहेबांच्या कारकीर्दीत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा झाला. तलवार, खंजीर, भाला, एवढेच काय पण धनुष्यबाणही त्यात आले, आणि गोऱ्या माणसाला मात्र त्यातून सूट मिळाली. म्हणजे साहेबाच्या हातात ती छडी, आणि तीच आपल्या हातात आली की गुन्हा. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला तो उगीच नव्हे. लोकांना तलवारी फिरवावयाच्या होत्या असे नाही. आपल्याच देशात आपल्यावर अविश्वास, हे शल्य होते.

स्वातंत्र्यानंतर आपण आपला कायदा केला. तो १९५९ चा, आणि अंमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्यातील ‘हत्यार’ या शब्दाची व्याख्या मी प्रथम वाचली तेव्हा मला मोठी मौज वाटली होती. इजा करण्यासाठी वा बचावासाठी घडविलेली वस्तू म्हणजे हत्यार, असे सांगून ती व्याख्या पुढे म्हणते की निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू हत्यारांत धरावयाच्या नाहीत, आणि उदाहरण देते लाठीचे आणि साध्या, चालताना टेकावयाच्या काठीचे. संसदेने म्हाताऱ्याची काठी नाव घेऊन वाचविली, मंडळी! पण त्याच कायद्याच्या नियमांत हत्यारांचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांतील पाचव्या वर्गात तलवारींच्या शेजारी कंसात तलवार-काठी लिहिलेली आहे. नाव घेऊन. म्हणजे एकच काठी, आत लाकूड असेल तर कायद्याची लाडकी, आणि आत पाते असेल तर तलवारीची सख्खी बहीण.

इतर सुऱ्यांना मोजमाप आहे. पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ती या वर्गात, आणि त्यातही घरकाम, शेती, शास्त्र वा उद्योग यांसाठी घडविलेली वगळून. म्हणून बायांच्या हातचा विळा सुटला, कुऱ्हाड सुटली, आमच्या हमालांचा पोती ओढावयाचा आकडाही सुटला. आता पाहा, तो आकडा गुप्तीपेक्षा भयंकर आहे. पोटात शिरला तर आतडे घेऊन बाहेर येईल. पण तो हमालाच्या कमरेला उघडा लटकलेला असतो, त्याच्याशेजारी बसून आपण चहा पितो, आणि आपल्याला भीती वाटत नाही. (शिखांच्या कृपाणाचे काय, असे कोणी विचारील. ते धारण करणे हा त्यांच्या धर्माचा भाग मानला जाईल असे घटनेच्या पंचविसाव्या कलमातच लिहिले आहे. नांदेड काही आपल्याला दूर नाही. तेही उघडे असते, हे ध्यानात घ्या.)

आता ते प्रसिद्ध ‘चार पंचवीस’. वर्तमानपत्रात रोज वाचता. कलम ४ सांगते की केंद्र सरकारने अधिसूचना काढून ठरविलेल्या क्षेत्रात, ठरविलेल्या प्रकारचे हत्यार परवान्याशिवाय घेता किंवा बाळगता येणार नाही. कलम २५ शिक्षा सांगते : कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त तीन, आणि दंड. बनविणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी कलम ५ वेगळे आहे, आणि तेथील शिक्षा बाळगणाऱ्याहून जड. तेव्हा नाव कोरून काठी घडवून देणाराही सुखात नाही. वकील मंडळी म्हणतील, अधिसूचना कोर्टापुढे आली नाही तर खटला पडतो. पडतो, खरे आहे. तो कसा पडतो हे मी पाहिले आहे, तेच आता सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे नाव घेत नाही. हमालीच्या दरासाठी आमचा लढा चालला होता. एका रात्री सायकलीवरून परतताना तिघांनी मला अडविले आणि मारले. डावे मनगट मोडले. तिसऱ्या दिवशी हमालांची सभा झाली. एक वयस्क हमाल उठून म्हणाला, “भाऊ, तुमाले काई झालं तर आमी कोनाच्या तोंडाकडं पाहाव?” त्याच सभेत ठरले. प्रत्येकी दहा रुपये काढले, अकराशे जमले. एका सुताराने शिसवाची काठी आतून पोखरली, एका लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचे पाते ओढले, पितळी मूठ बसविली. मूठ अर्धा फेरा फिरविली की पाते मोकळे होई. युनियनच्या हिशेबात माझ्या हयातीत बिनपावतीचे पैसे तेवढेच आले. पावतीवर काय लिहावे हे कोणाला सुचले नाही, आणि तेथेच मी समजावयास हवे होते.

तीन महिने ती माझ्याजवळ होती. काठी म्हणून ती वाईट होती. भार टाकला की जोड कुरकुरे. तलवार म्हणून तिचे काय झाले असते देव जाणे, मोडक्या मनगटाने मी ती धड ओढूही शकत नव्हतो. पण तिने मला बदलले. पूर्वी मी हमालांत बसे तेव्हा काठी भिंतीला टेकवून मोकळा होई, वेळ पडली तर पोत्याला हात लावी. आता ती मांडीखाली धरून बसू लागलो. वाटाघाटीत माझा आवाज चढू लागला. लोक म्हणत, भाऊंना हिंमत आली. रात्री मात्र उलटे. पूर्वी मी गुंडांना भीत होतो, आता पोलिसांच्या गाडीला भिऊ लागलो. माझी सहा वर्षांची मुलगी एकदा ती काठी घोडा करून अंगणात खेळत होती. मी ओरडलो, तिला का ते कळले नाही, आणि मला सांगता आले नाही.

मग मोर्चा निघाला. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश लागू होता. हा कायदा १९५१ चा, आणि त्याचे हात १९५९ च्या कायद्याहून लांब. सार्वजनिक शांततेसाठी अशा आदेशाने तलवार, भाला, सुरीच काय, पण साधी काठी-लाठीदेखील बाळगण्यास मनाई करता येते. संसदेने वाचविलेली म्हाताऱ्याची काठी येथे पुन्हा संकटात येते. मोडला तर कलम १३५ खाली चार महिन्यांपासून वर्षापर्यंत कैद. मोर्चाला परवानगी होती, अट होती की हातात काठ्या नकोत. शिष्टमंडळ आत जावयाचे तेव्हा मी माझी काठी शेजारच्या पोराच्या हातात दिली. चोवीस वर्षांचा पोरगा. बाप हमाल, हा बारावी पास, आमचे फलक तोच रंगवी. आत काय आहे हे त्याला ठाऊक होते, सर्वांनाच होते.

आम्ही आत असताना बाहेर झडती झाली. काठी हातात घेताच हवालदाराला वजन लागले.

कार्यालयाच्या खिडकीतून मी पाहिले. पोराला गाडीत बसवीत होते, आणि तो खिडकीकडे पाहात होता. त्या क्षणी खाली उतरून, “ती काठी माझी आहे,” एवढे म्हणावयाचे होते. मी म्हटले नाही. मनाशी म्हणालो, वाटाघाटी अर्ध्यावर आहेत, दर ठरू दे, मग जातो. दर ठरला. चांगला ठरला. मग मिरवणूक झाली. मी ठाण्यात गेलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सर्व जबाब दिला. त्यांनी मला आरोपी नंबर दोन केले. नंबर एक तोच राहिला, कारण वस्तू सापडली ती त्याच्या हातात.

खटला सहा वर्षे चालला. पंच फिरले, अधिसूचना कागदांत नव्हती, आणि आम्ही दोघेही निर्दोष सुटलो. मधल्या काळात एका सरकारी नोकरीच्या निवड यादीत त्याचे नाव लागले होते. चारित्र्य पडताळणीत खटला प्रलंबित असल्याचा शेरा आला आणि ती नोकरी गेली. निकाल लागला तेव्हा वयाची मर्यादा उलटून गेली होती. त्याच्या बापाने मला कधी एक शब्द विचारला नाही. दर आठवड्याला भेटतो, नमस्कार करतो.

कोणी म्हणेल, मग माणसाने मार खावा काय? नाही. स्वतःच्या जिवाचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. पूर्वी १८६० च्या दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत आहे. पण तो हल्ल्याच्या घटकेपुरता आहे. त्या घटकेची वाट पाहात महिनोन्‌महिने हत्यार लपवून फिरण्याचा परवाना त्यात नाही. मला ज्यांनी मारले त्यांची फिर्याद मी दिलीच नव्हती, हे मुद्दाम सांगतो. अकराशे रुपये जमविण्यात आमचा उत्साह संपला. पुढे आम्ही केले ते इतकेच, की रात्री कोणी एकटे परतावयाचे नाही. चार सायकली मिळून निघत. त्याला पैसा लागला नाही.

आता त्या मोबाइलवरच्या काठीकडे येतो. ‘शोभेची वस्तू’ असे विकणाऱ्याने लिहिल्याने पाते बोथट होत नाही. २०१८ च्या मे महिन्यात त्या वेळच्या औरंगाबादेत पोलिसांनी अशाच घरपोच मागविलेल्या तलवारी पकडल्या. त्या खेळण्यांच्या नावाखाली आल्या होत्या. मागविणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन नंबर पुडक्यावरच छापलेला असतो. तुझ्या बाबतीत तर, पोरा, नाव मुठीवरही कोरलेले असेल. आणि मुख्य म्हणजे ती काठी नेहमी तुझ्याच हातात राहील असे समजू नको.

माझी गुप्ती मुद्देमालात गेली, परत मागितली नाही. हल्ली गुडघे दुखतात म्हणून मी पुन्हा काठी घेतली आहे, ही पाहा, बांबूची, मेळघाटातून एकाने आणून दिलेली. आज संध्याकाळी मला येथवर मोटारसायकलवर त्यानेच आणले. त्या आरोपी नंबर एकने. आता तो पंप दुरुस्तीचे दुकान चालवितो, डोक्याचे केस पिकलेत. उतरताना मला आधार हवा होता, म्हणून मी काठी त्याच्याकडे दिली. त्याने ती घेतली, पण आधी मूठ फिरवून पाहिली.