उजेडाची छत्री



फलकावर आजचा विषय वाचून काल एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, "पावसाला अजून दीड महिना आहे, आत्तापासूनच छत्री कशाला?" त्यांचा काही दोष नाही. डिलाईल रोडवर छत्री म्हटली की काळी, वाकड्या मुठीची, दाराच्या कोपऱ्यात निथळत उभी असलेली, हीच डोळ्यांपुढे येणार. आम्ही बोलणार आहोत ती छत्री उजेडासाठी उघडतात. फ्लॅशचा झोत सरळ माणसाच्या तोंडावर न मारता छत्रीच्या पोटात टाकायचा आणि तिथून परतलेला मवाळ उजेड चेहऱ्यावर घ्यायचा, एवढेच तिचे काम.

हा विषय याच वस्तीत काढण्यास कारण आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकात उठल्या. इमारती ३२, आणि खोली १६० चौरस फुटांची. २०१७ साली पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. ते मिळो, सर्वांना लौकर मिळो. पण खोली सोडण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांचा त्या खोलीतला एक फोटो असावा असे प्रत्येक कुटुंबाला वाटते. तो फोटो पुढे कोणत्या भिंतीवर जातो आणि त्याला केव्हा हार पडतो, हे आपण सारे जाणतो. म्हणून तो नीट निघाला पाहिजे.

आमच्या हातून तो नीट निघाला नाही. वडील साचेखात्यात होते, १९८२च्या संपापर्यंत. त्यांचा फोटो घरीच काढायचा म्हणून आम्ही फोर्टात जाऊन सर्वांत मोठी, आतून रुपेरी अशी ६० इंची छत्री आणली. दुकानात ती अशी झळकत होती की दुसरीकडे नजर जाईना. घरी उघडली तेव्हा कळले की ६० इंच म्हणजे पाच फूट. एका बाजूला कॉट, दुसऱ्या बाजूला कपाट, कोपऱ्यात मोरी. छत्री मावेना. शेवटी ती दाराबाहेर पॅसेजमध्ये उभी केली आणि उघड्या दारातून उजेड आत घेतला. निम्मी छत्री चौकटीने झाकली होती, हे उत्साहाच्या भरात दिसलेच नाही. फोटो आला तो असा: कपाळ तव्यासारखे चकाकते आहे, डोळे खोबणीत बुडाले आहेत, आणि मागच्या भिंतीवर नाकाची सावली काळ्या शाईने काढल्यासारखी. पुन्हा काढू म्हणालो. पुढच्या पावसाळ्यात वडील गेले.

चूक कुठे झाली? उजेड मऊ होतो तो छत्रीच्या किमतीने नव्हे, चकाकीनेही नव्हे. समोर बसलेल्या माणसाला तो उजेड किती मोठ्या पसाऱ्यातून येताना दिसतो, यावर सारे आहे. ४० इंची छत्री तीन फुटांवर असली तर चेहऱ्याच्या मानाने ती आभाळाएवढी असते. तीच दहा फुटांवर नेली की एक साधा दिवा उरतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. म्हणून छत्रीच्या व्यासाएवढ्या अंतरावर ती ठेवावी, हा हिशेब कामाला पुरतो.

गंमत अशी की ही विद्या आमच्या वडिलांच्या डोक्यावरच होती. गिरण्यांच्या साचेखात्यांवर करवतीच्या दात्यांसारखी छपरे असत आणि त्यांच्या काचा उत्तरेकडे. ऊन आत न येता आभाळाचा सपाट उजेड यावा आणि तुटलेला धागा डोळ्याला दिसावा, यासाठी ती योजना. १९५६च्या 'अपराजितो' चित्रपटासाठी बनारसच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला, तेव्हा सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून खालून त्यावर दिवे टाकले आणि परतलेल्या उजेडात चित्रण केले. त्याचेही मर्म हेच.

आता निवडीकडे येऊ. चाळीच्या खोलीत ३३ ते ४० इंचांपुढे जाऊ नये. रुपेरी अस्तर उजेड जास्त परतवते, पण घामाने ओलसर चेहऱ्यावर त्याचा चकाका उमटतो, आणि मुंबईत मे महिन्यात कोरडा चेहरा आणायचा कुठून? पांढऱ्या कापडातून आरपार उजेड सोडण्याची एक जात आहे. ती चेहऱ्याच्या अगदी जवळ नेता येते, हा तिचा मोठा गुण. मात्र तिचा उजेड चहूकडे सांडतो, आणि भिंतीला हिरवा ऑइलपेंट असेल तर आजीच्या गालावर हिरवी झाक येते. भिंती पांढऱ्या असतील तर हाच सांडलेला उजेड सावल्या हलक्या करतो. तेव्हा आमचे मत असे की आतून पांढरी, पाठीवरचे काळे आवरण काढता-घालता येणारी छत्री घ्यावी. एका किमतीत दोन छत्र्या होतात. भिंत पाहावी आणि ठरवावे.

घेताना ती दुकानातच उघडून फिरवून पाहा. काड्या डुगडुगत नाहीत ना, कापड कोऱ्या कागदाशेजारी पिवळट दिसत नाही ना, हे बघा. दांडा आपल्या स्टँडच्या भोकात बसतो का, तेही तपासा. काही ७ मिलिमीटरचे असतात, काही ८. फ्लॅशचा झोत रुंद ठेवा, नाही तर छत्रीच्या मधोमधच उजेड पडतो आणि बाकीचे कापड फुकट जाते. चष्मा असेल तर छत्री थोडी वर घ्या आणि चष्म्याच्या काड्या कानावर बोटभर उचला. काचेतली पांढरी छत्री नाहीशी होते. स्टँडच्या पायाला पाच किलो तांदळाची पिशवी अडकवा.

वडिलांच्या खेपेनंतर आम्ही शेजारच्या एका म्हाताऱ्या मावशींचा फोटो काढला, ३३ इंची पांढरी छत्री हाताच्या अंतरावर ठेवून. मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुरकुत्या आहेत तेवढ्याच आहेत, पण भांडत नाहीत."

येत्या रविवारी सकाळी आम्ही याच सभागृहात छत्री घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्यांना जरूर घेऊन यावे. पैसे नाहीत. पंखा मात्र बंद ठेवावा लागेल, नाही तर छत्री उडते.