मातीचं पदक, दूरचा मुलूख

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी सातवाहनकाळातली भाजक्या मातीची पदकं सापडली आहेत. आकार नाण्याचा, वर रोमन सम्राटाचा चेहरा आणि गळ्यात घालायला कडी किंवा भोक. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. पदक करणाऱ्यानं रोम कुठून पाहिलं असणार? त्याच्यापर्यंत पोचलं ते नाणं, आणि त्यामागची दूरदेशाची ऐट.

पुढे पेशवाईत व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला लोक पुतळी म्हणत. त्याच्या माळा झाल्या. मग सोनारांनी त्यावर लक्ष्मी नाहीतर राम-सीता उठवली आणि पुतळ्यांची माळ अस्सल मराठी दागिना ठरली. परकी खूण आपल्याकडे टिकते ती अशी: तिच्यासाठी आधीच जागा तयार असेल तरच.

मुळशीसारख्या ठिकाणी बसून आज कुणी सिरॅमिकचे दागिने घडवतं, तेव्हा काम याच परंपरेतलं असतं. फक्त भट्टी बदलली. स्टोनवेअरची माती साधारण बाराशे अंश सेल्सिअसच्या वर भाजते आणि वाळताना-भाजताना दहा-बारा टक्के आकसते. म्हणून मण्याचं भोक हवं त्याहून मोठं ठेवावं लागतं. झिलई वितळून भट्टीच्या फळीला चिकटते, त्यामुळे मणी उष्णता सोसणाऱ्या तारेवर ओवून टांगतात. पावसाळ्यात तर मुळशीतल्या ताम्हिणी घाटाच्या बाजूला हवाच ओली. पदक वरून सुकलेलं दिसलं तरी आत ओल राहते, घाईनं भाजलं की वाफेनं फुटतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे मातीच्या कलानंच घ्यावं लागतं.

आणि खुणा कुठल्या घ्यायच्या? तुर्कस्तानचा निळा डोळा मूळचा काचेचा. तो आपल्याकडे रुजला, कारण दृष्ट लागण्याची भीती आणि बाळाच्या गालावरची काळी तीट आपल्या घरात होतीच. पण मोरोक्कोच्या फरशीवरची नक्षी नुसती उचलून कानात अडकवली, तर ती सहलीची आठवण एवढीच उरते.

जवळचीच खूण हवी तर मुळशी तालुक्यातल्या तैलबैलाकडे पाहा. पठारावर कातळाच्या दोन उभ्या भिंती, मधे खिंड. तिथून वाघजाई घाटानं कोकणात उतरलं, की ठाणाळ्याची बौद्ध लेणी लागतात. घाटावरचा माणूस आणि कोकणातला माणूस या वाटांनीच एकमेकांना भेटत आला. दोन चपट्या पट्ट्या आणि मधली मोकळी फट, एवढ्यावर या डोंगराचं पदक होतं. ती फट कारागिरानं बुजवू नये. वाट दिसते ती तिथूनच.

प्रवासावरून दागिना घडवायचा तर लांबच जायला हवं असं नाही. तेरचा कारागीर गावातच बसला होता, नाणं चालत त्याच्याकडे आलं. तेव्हा पुढच्या वेळी असं पदक हातात घेतलंत, तर करणाऱ्याला जरूर विचारा: ही खूण कुठून आली, आणि इथे तिला काय काम आहे? उत्तर देता आलं, तर दागिना घ्या.