हजारांचा स्वयंपाक



मघाशी ओळख करून देताना बरेच जण ‘आपली साधीच नोकरी’ म्हणाले. म्हणून एका आचाऱ्याची गोष्ट सांगते.

झाक पेपँ हे फ्रेंच शेफ. द गॉल यांच्यासाठी त्यांनी स्वयंपाक केला होता. 1959 साली ते अमेरिकेत आले. पुढे केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये शेफ होण्याची संधी चालून आली. ती सोडून ते ‘हॉवर्ड जॉन्सन्स’ या महामार्गांवरच्या हॉटेलसाखळीत गेले. सुरुवात बर्गर भाजण्यापासून! मग 1970 पर्यंत तिथल्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात राहून, साऱ्या शाखांना जाणारे पदार्थ त्यांनी बसवले.

दहा जणांची आमटी हजारांसाठी करायची तर नुसतं शंभरनं गुणून भागत नाही. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानानं कमी आटतं, मधला भाग उशिरा तापतो, उशिरा निवतो. प्रमाण नव्यानं ठरवावं लागतं. शिवाय खाणारा समोर नसतो.

माझ्या सॉफ्टवेअरचंही तेच. दहा जणांना चालणारा प्रोग्रॅम लाखांना पुरेलच असं नाही. तो पुरवणं हे माझं काम. नीट झालं, तर कुणाला कळतही नाही.

तुमच्यापैकी कुणी एसटी चालवतं, कुणी वीज, कुणी दवाखाना. हजारांचा दिवस तुमच्यामुळे सुरळीत जातो. तेव्हा ‘साधीच’ म्हणू नका.

आपल्या पंगतीचा स्वयंपाक मागे चालू आहे. जेवण झालं की त्या आचाऱ्यांना नाव विचारून आभार मानू या.