काळ्या पाण्यापलीकडील पूर्वज

जुन्या घराण्यांच्या वंशावळी पाहिल्या, तर मूळपुरुषापासून आजच्या पिढीपर्यंत नांवें ओळीनें मांडलेलीं आढळतात. मध्येंच एखादें नांव मात्र असें येतें कीं, त्याच्यापुढें ना बायकोचा उल्लेख, ना मुलांचा, ना मृत्यूची तिथि. वडीलधाऱ्यांना विचारलें तर "तो परागंदा झाला" एवढेंच उत्तर मिळतें. परागंदा झालेले सारेच कांहीं काशीस गेले नाहींत. कांहींजण काळ्या पाण्यावर गेले. अशा पूर्वजाचा माग कसा काढावा, आणि तो लागल्यावर काय करावें, याविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

पहिला प्रश्न सालाचा. अंदमानांत वसाहत करण्याचा पहिला प्रयत्न १७८९ सालीं झाला. पण रोगराईमुळें तो १७९६ सालीं सोडून द्यावा लागला. पुढें १० मार्च १८५८ रोजीं डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरले आणि आपल्याला ठाऊक असलेली बंदीवसाहत सुरू झाली. म्हणून आपला माणूस १८५८ च्या आधीं गेला असेल, तर त्याला अंदमानांत शोधणें व्यर्थ होय. त्यापूर्वीं १८१५ ते १८३७ या काळांत मुंबई इलाख्यांतील कैदी मॉरिशसला गेले. पिनांग आणि सिंगापूर येथेंहि हिंदी कैद्यांचीं ठाणीं होतीं.

दुसरा प्रश्न नांवाचा. मराठी नांव इंग्रजी लिपींत उतरतांना ओळखूं न येण्याइतकें बदलतें, आणि एकाच नांवाचे दहा जण निघतात. तेथें उपयोगी पडतें तें कैद्याचें वर्णनपत्रक. बापाचें नांव, जात, जिल्हा, वय, उंची आणि अंगावरील खुणा त्यांत लिहिलेल्या असत. कैदी पळाल्यास ओळखतां यावा, एवढ्याच हेतूनें तें लिहिलें जाई. परंतु घरांतील कोणालाहि ज्याचा चेहरा सांगतां येत नाहीं, त्याच्या अंगावरचा व्रण तेवढा सरकारी वहींत राहून गेलेला असतो!

तिसरा प्रश्न गुन्ह्याचा, आणि तोच अवघड आहे. अंदमानांत कैद्याच्या गळ्यांत बिल्ला असे. त्यावर त्याचा क्रमांक, शिक्षेचें कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख लिहिलेली असे. बॅ. सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचें साल १९६० होतें, हें महाराष्ट्रांत सर्वांस माहीत आहे. त्यामुळें काळ्या पाण्यावर गेलेला आपलाहि पूर्वज देशभक्तच असावा, अशी इच्छा मनांत सहज उत्पन्न होते. पण १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेल्या दंडसंहितेंत राजाविरुद्ध युद्धाचें कलम १२१ होतें, खुनाचें ३०२ आणि दरोड्याचें ३९५. अंदमानांतील बहुसंख्य कैदी खून-दरोड्यांतले होते. बिल्ल्यावर ३०२ असेल, तर तें १२१ आहे असें वाचूं नये.

खटल्याचे कागद सेशन्स कोर्टाच्या व १८६२ सालीं स्थापन झालेल्या मुंबई हायकोर्टाच्या दफ्तरांत, तसेंच मुंबईच्या पुराभिलेखागारांतील न्यायखात्याच्या खंडांत पाहावे. अंदमान १९४२ ते १९४५ पर्यंत जपान्यांच्या ताब्यांत होतें, त्या काळांत तेथील बरेंच दफ्तर नष्ट झालें; पण हिंदुस्थान सरकारकडे गेलेला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत गृहखात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेखालीं सांपडतो. खटल्याचे कागद वाचतांना आपल्या पूर्वजाशेजारीं आणखी एक माणूस भेटतो: ज्याचा जीव गेला किंवा ज्याचें घर लुटलें गेलें तो. त्यालाहि बायकामुलें होतीं, आणि त्याचे वंशज कदाचित् त्याच गांवांत आजहि नांदत असतील. आपल्या माणसाविषयीं कळवळा वाटतांना त्यांना विसरून चालणार नाहीं.

आतां कुटुंबाकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नियमांप्रमाणें, चांगल्या वर्तणुकीनें दहा वर्षें काढलेल्या कैद्यास तिकीट मिळे. मग तो पोर्ट ब्लेअरजवळच्या खेड्यांत जमीन कसूं शके, गुरें पाळूं शके, गांवाहून बायकामुलांना बोलावूं शके, किंवा परवानगीनें तेथील स्त्री-कैद्याशीं लग्न करूं शके. गांवीं राहिलेल्या बायकोची अवस्था मनांत आणा. नवरा जिवंत, म्हणून कपाळीं कुंकू. पण दहा वर्षांत दर्शन नाहीं. बोलावणें आलें तरी समुद्र ओलांडणें म्हणजे जात गमावणें, अशी समजूत. जावें तर माहेर-सासर तुटतें, राहावें तर संसार संपतो. कैद्याचें नांव, क्रमांक आणि व्रण सरकारनें लिहून ठेवले. हिचें नांव सरकारनें लिहिलें नाहीं, आणि लाजेस्तव घरानेंहि लिहिलें नाहीं.

पलीकडे जीं मुलें जन्मलीं, त्यांना 'लोकल बॉर्न' म्हणत. आई एका प्रांताची, बाप दुसऱ्या प्रांताचा, जाती निराळ्या, आणि घरची भाषा हिंदुस्थानी. १९४५ सालीं बंदीवसाहत बंद झाली, पण हीं कुटुंबें तेथेंच राहिलीं. मराठी कैद्याच्या पणतवाला मराठी येत नसेल, तरी पणजाचें गांव कोणतें, हा प्रश्न त्यालाहि पडत असेल. म्हणून हा शोध एकाच किनाऱ्यावरून पुरा व्हावयाचा नाहीं.

कुलवृत्तांतांतील तें कोरें ठिकाण भरतांना सारेंच लिहावें. त्यानें काय केलें, त्यामुळें कोणाचें घर बुडालें, मागें कोण वाट पाहत राहिली आणि पलीकडे कोण जन्मास आलें, हें सर्व नोंदवावें. पूर्वजाला वीर ठरविण्याचा आपल्याला अधिकार नाहीं, तसा नाहींसा करण्याचाहि नाहीं. मग तें नांव इतर नांवांच्या शेजारीं निःसंकोच बसूं द्यावें.