पुण्यातील योगाभ्यास आणि दुखण्याचे दिवस

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



लष्करी सेवा संपली की आपली पुष्कळ तरुण मुले भारताची वाट धरतात, आणि त्यांतील काही योग शिकण्यासाठी पुण्यास जातात. महिना-दोन महिन्यांच्या त्या वास्तव्यासाठी ती वर्षभर पैसे साठवतात. आसनांची तयारी कशी करावी हे सांगणारे त्यांना येथेही भेटतात; परंतु तेथे गुडघा दुखावला किंवा ताप भरला तर काय करावे, याविषयी कोणी फारसे बोलत नाही. मी तीन वेळा पुण्यात राहून शिकले. त्यांतील एका खेपेला अभ्यास कमी आणि अंथरूणच अधिक वाट्याला आले. आज त्याविषयीच बोलावे असे ठरविले आहे.

पतंजलींनी योगमार्गातील नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत पहिला व्याधी, आणि शेवटचा म्हणजे कष्टाने मिळविलेली पायरी टिकवून धरता न येणे. परदेशी आलेल्या विद्यार्थ्याला पहिला अंतराय गाठतो खरा, पण तो भितो शेवटच्याला. एक दिवस वर्ग बुडाला तर वर्षाची पुंजी बुडाली, असे त्याला वाटते. मग तो दुखणे लपवतो. शिक्षक विचारतात, ‘काही त्रास?’ तो मान हलवून ‘नाही’ म्हणतो, आणि तोच गुडघा पुन्हा पद्मासनात दुमडतो.

वास्तविक पुण्याच्या ज्या परंपरेसाठी ही मुले जातात, ती परंपराच आजारपणातून उभी राहिली आहे. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म 1918 सालचा, इन्फ्लुएन्झाच्या साथीतला. बालपणी मलेरिया, टायफॉइड आणि क्षय यांनी त्यांना पोखरले होते. तरुणपणी पुरेशी तयारी नसताना हनुमानासन करावे लागले आणि मांडीमागचे स्नायू फाटले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे 1979 मध्ये, साठी उलटल्यावर, स्कूटरच्या अपघाताने त्यांचे शरीर पुन्हा मोडले आणि साधी आसनेही नव्याने शिकावी लागली. त्यांच्या पद्धतीत दोर, लाकडी विटा, लोड, पट्टे, खुर्च्या दिसतात. काहींना ते नवशिक्याचे लाड वाटतात. मला तसे वाटत नाही. दुखऱ्या शरीरालाही आसनात शिरता यावे, यासाठी केलेली ती सोय आहे.

गुडघ्याविषयी थोडे सांगते, कारण सर्वांत अधिक मुले त्याच्यापायी अडतात. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा उघडतो-मिटतो. पद्मासनात पाय वळायचा तो खुब्यातून. खुबा वळला नाही तर तो पीळ गुडघ्यावर येतो आणि आतील कूर्चेची चकती चिरडली जाते. त्या चकतीच्या आतल्या भागाला रक्तपुरवठा जवळजवळ नाही. म्हणून ती सहसा आपोआप भरून येत नाही. दुसरे दुखणे बैठकीच्या हाडापाशी, मांडीमागच्या स्नायूचा कंडरा जेथे जोडलेला असतो तेथले. ताण दिला की क्षणभर बरे वाटते, म्हणून मुले आणखी ताण देतात आणि महिनोन्‌महिने कुढत बसतात.

एकदा आपल्या येथील एका मुलाबरोबर मी दुभाषी म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. काय होते, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘कोएव्ह’. कसे? ‘कोएव्ह मेओद’. त्याच्या हिब्रूत यापलीकडे शब्द नव्हते असे नाही. परंतु घाबरलेल्या माणसाला तेवढेच सुचले. डॉक्टर मराठीत विचारू लागले: ठणकतो का? सलतो का? चमक निघते की कळ येते? मुंग्या येतात? बधिर वाटते? मी एकेक शब्द हाताने, चेहऱ्याने करून दाखवीत होते. ‘अडकतो का?’ यावर तो मुलगा एकदम उठून उभा राहिला. हो, अडकतो, हलवून सोडवावा लागतो. त्या एका शब्दावरून एमआरआय झाला आणि चकती फाटल्याचे निघाले. उरलेले तीन आठवडे तो भिंतीलगत वही घेऊन बसला. शिक्षकांनीच तसे सुचविले होते. दुसऱ्याचा खांदा कोठे चुकतो हे त्या वहीत त्याने जितके टिपले, तितके मी चटईवर तीन महिन्यांत शिकले नव्हते.

आपल्या आजीने ‘उसण भरली’ म्हटले की आपल्याला नेमके ठिकाण कळत असे. ती संपत्ती आपल्या घरांतून निघून चालली आहे, याचे मला या गोष्टीपेक्षाही अधिक वाईट वाटते. असो.

माझे स्वतःचे आजारपण डेंग्यूचे, ऑगस्टमधले. हा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. खोलीतील कूलर, कुंडीखालची बशी एवढे त्याला पुरते. डोळ्यांच्या मागे दुखणे आणि अंग मोडून येणे, यांना ‘आसनांची अंगदुखी’ समजू नये. तापावर पॅरासिटामोल घ्यावे. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणून वर्गाकडे धावू नये: धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. पोटात तीव्र कळा, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असे काही दिसले की तत्काळ रुग्णालय. घरमालकीणबाईंनी मला पेज भरवली, पण त्याहून मोठे काम केले ते म्हणजे रक्ततपासणीचा एकही दिवस चुकू दिला नाही. त्यानंतर कित्येक आठवडे लोडावर पाठ टेकून सुप्त बद्धकोणासन, भिंतीशी विपरीत करणी आणि शवासन, एवढाच माझा योग होता.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. कुपत होलीमचे नेहमीचे संरक्षण सामान्यतः देशाबाहेर लागू होत नाही. प्रवासविमा घ्यावा आणि त्यात योगवर्गातील इजा धरली आहे का, ते आधी वाचावे. दुसरे, पहिल्याच शब्बाथला रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो सिनेगॉगमध्ये जाऊन यावे. आपण या शहरात आहोत आणि कोठे उतरलो आहोत, हे चार माणसांना ठाऊक असावे. बिकूर होलीमला कोणी यायचे तर आजारी कोठे आहे हे त्याला कळायला हवे ना!

दुखण्याच्या तीसेक मराठी शब्दांचा, हिब्रू अर्थांसह, एक कागद मी करून आणला आहे. मागे चहाच्या टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. ज्यांची मुले या पावसाळ्यात जाणार आहेत त्यांनी एकेक घ्यावी, आणि माझ्या यादीतून सुटलेला शब्द कोणाला आठवला तर खाली लिहून द्यावा.