कलाशाळेतील माझी पाच वर्षे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या व्यासपीठावर मी यापूर्वी आले ती रांगोळीच्या स्पर्धेची परीक्षक म्हणून. परीक्षकाला बोलावे लागत नाही, नंबर काढले की त्याची सुटका होते. आज चिटणीसबाईंनी ती पळवाट ठेवली नाही. "तुम्ही चित्रकलेच्या कॉलेजात होता, तिथल्या गमतीजमती सांगा," असे त्या म्हणाल्या. गमती सांगेनच, पण त्यांबरोबर एक गोष्ट अशी सांगणार आहे, की जी इतकी वर्षे मी चारचौघीत सांगितलेली नाही. आपल्या मंडळाचा तिच्याशी संबंध आहे, म्हणून ती इथेच सांगणे योग्य.

मी १९७० साली एस. एस. सी. झाले आणि जूनमध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा शाळेतच दिल्या होत्या. घरातून परवानगी मिळाली ती एका अटीवर: पदविका घेऊन ड्रॉइंग टीचर व्हायचे. वडिलांचा हिशेब सरळ होता. चित्रकाराला पोट असते, पण पगार नसतो. शिक्षिकेला दोन्ही असते.

डोंबिवलीहून गाडीने व्ही. टी.ला उतरायचे आणि चालत कॉलेज गाठायचे. बरोबर डबा, पिशवी आणि लाकडी ड्रॉइंग बोर्ड. बायकांच्या डब्यात त्या बोर्डाने मी किती जणींच्या शिव्या खाल्ल्या असतील, याची गणती नाही. पुढे पुढे मात्र त्याच बायका तो मांडीवर आडवा घेऊन त्यावर शेंगा निवडू लागल्या, आणि माझे व त्यांचे जमले.

हे कॉलेज फार जुने. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ते १८५७ साली सुरू झाले. क्रॉफर्ड मार्केटजवळची दगडी इमारत १८७८ ची. लॉकवुड किपलिंग हे इथे शिकवायला १८६५ साली आले आणि त्यांचा मुलगा रुडयार्ड, जो पुढे लेखक झाला, तो त्याच वर्षी ३० डिसेंबरला याच आवारात जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची चित्रे आहेत ना, ती या वडील किपलिंगांची. तुम्ही तिथे आंबे घ्यायला जाता तेव्हा एकदा मान वर करून पाहा. व्ही. टी. स्टेशनावरचे नक्षीकामही या शाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. म्हणजे आपण रोज ज्याच्याखालून धावत गाडी पकडतो, ते कुणाचा तरी वर्गातला अभ्यास आहे!

मुलींचे म्हणाल तर आमच्या वर्गात आम्ही सहाजणी. पण वाट आमच्या आधीच्यांनी पाडून ठेवली होती. रावबहादूर धुरंधर हे याच शाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच मोठ्या पदाला चढले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचे आत्मचरित्र. त्यांची मुलगी अंबिका हिने १९३० च्या सुमारास इथली पदविका घेतली. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये इथेच शिकल्या आणि १९५१ साली त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्याच पुढे भानू अथैया झाल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेषभूषेबद्दल त्यांना १९८३ साली ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. लहानपणी वडील गेलेले, आईने शिकविलेली मुलगी, हे लक्षात ठेवा. धुरंधरांची एकेचाळीस वर्षे, माझी पाचच. पण पाचांतही सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले वर्ष गाडगी, वांगी आणि घडी पडलेली चादर काढण्यात गेले. घरी येऊन मी आईला म्हटले, "आज दिवसभर वांगे काढले." ती म्हणाली, "मी दोन किलो चिरली." मग प्लास्टरचे पुतळे आले. कोळशाने काढायचे आणि चुकले की डबलरोटीच्या गराने पुसायचे. महिनाअखेरीला हीच डबलरोटी पोटात जायची, आणि सर विचारायचे, "आज कुणाचीच चूक झाली नाही वाटते?" काम संपले की स्पिरिटात विरघळवलेली लाख फुंकणीने चित्रावर फवारायची, म्हणजे कोळसा झडत नसे. बसायला एक लाकडी बाक असे, त्याला 'डाँकी' म्हणत. त्याच्यावर घोड्यावर बसल्यासारखे दोन्हीकडे पाय टाकून बसायचे आणि बोर्ड पुढे टेकवायचा. मुले ऐटीत बसत. आम्ही साडीवाल्या एका बाजूला पाय घेऊन बसत असू आणि तासाभराने पाठ धरली की मुकाट्याने उठत असू. तिसऱ्या वर्षी आम्ही सहाहीजणी पंजाबी पोशाख घालू लागलो. घरी सांगितले, सरांचा हुकूम आहे. तो हुकूम डाँकीचा होता.

सकाळी स्टेशनावर जाऊन हमाल, झोपलेले प्रवासी, मासेवाल्या यांची भराभर रेखाटने करायची. वर्षातून एकदा सहल. दुसऱ्या वर्षी अजिंठ्याला गेलो. शंभर वर्षांपूर्वी, १८७२ पासून पुढे तेरा वर्षे, ग्रिफिथ्स नावाच्या इंग्रज गुरूने याच शाळेचे विद्यार्थी नेऊन त्या चित्रांच्या नकला करविल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनला आगीत जळाल्या. सरांनी पहिल्या लेण्यात आम्हाला अर्धा तास नुसते उभे केले. पेन्सिल काढू दिली नाही. "आधी डोळे उघडू द्या," म्हणाले. अंधाराला डोळे सरावले तशी पद्मपाणीची मूर्ती हळूहळू भिंतीतून पुढे आली. पाहणे हे शिकावे लागते, ते मला त्या दिवशी कळले.

आता ती दुसरी गोष्ट.

चौथ्या वर्षी समोर माणूस बसवून अभ्यास असे, आणि त्यात विवस्त्र मॉडेलही असे. आमच्या शाळेत ही पद्धत १९१९ च्या सुमारास सॉलोमन यांच्या काळात रूढ झाली. डॉक्टरला जसे शरीर शिकावे लागते तसे चित्रकारालाही, हे मला आज तुमच्यापुढे सरळ म्हणता येते. १९७३ साली घरी म्हणता आले नाही. मी घरी सांगितले, "यंदा निसर्गचित्रे आहेत."

आमच्यासमोर बसायला ज्या बाई येत त्यांना आम्ही सारे मावशी म्हणत असू. चाळिशीच्या असतील. पडद्याआड जात, येऊन चौथऱ्यावर बसत, आणि त्या क्षणापासून वर्गात कोळशाच्या खरखरीखेरीज आवाज नसे. वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती. उठण्यापूर्वी त्यांच्या पावलांभोवती खडूने खुणा करायच्या, म्हणजे परत येऊन त्या बरोबर तशाच बसत. विश्रांतीत त्या अंगाभोवती पातळ लपेटून खिडकीशी चहा घेत. पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. त्यांनीच मला म्हटले, "पोरी, तू माझ्याकडं बघ, म्हंजी तुझी भीती जाईल. दुसरीकडं बघशील तर वाढंल."

सरांनी आम्हाला ओळंबा वापरायला शिकविला होता. गवंडी वापरतो तसाच: दोऱ्याला वजन बांधून डोळ्यांसमोर धरायचे आणि कोणता अवयव कशाच्या सरळ खाली येतो ते पाहायचे. मी मावशींची पाठमोरी आकृती काढत होते. उजवा खांदा खाली उतरलेला आला. सरांनी विचारले, "हा खांदा का पडला?" मी पुन्हा ओळंबा धरला. तसाच आला. तिसऱ्यांदा मोजले, तरी तसाच. "मग राहू दे," सर म्हणाले, "तुला कारण ठाऊक नसले तरी चालेल. जे आहे ते खोडू नकोस."

ही चित्रे मी घरी माळ्यावर गुंडाळी करून ठेवीत असे. दिवाळीच्या सफाईत आईने ती उघडली.

ती ओरडली नाही. गुंडाळी पुन्हा बांधली, वर ठेवली आणि मला म्हणाली, "बाकीचे वर्ष घरी राहायचे." मी पुष्कळ समजावले. तिचे एकच म्हणणे: "इतके चांगले होते तर खोटे का बोललीस?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

सहा दिवस मी घरी होते. सातव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या. त्या तेव्हा आपल्या मंडळाच्या चिटणीस होत्या. त्यांनी आईला सांगितले, "अहो, न पाहता निकाल कसा द्यायचा? मंडळात आपण हिशेबसुद्धा वाचून मग मंजूर करतो. मुलीला तोवर जाऊ दे. वार्षिक प्रदर्शन सर्वांना खुले असते म्हणतात. आपण दोघी जाऊन पाहू. मग तुमच्या मनाला येईल ते करा." आई कबूल झाली. का, ते मला कळले नाही. कदाचित निकाल देण्याची घाई तिलाही नसावी.

वार्षिक प्रदर्शन म्हणजे आमची दिवाळी. आठवडाभर आधी कागद कापणे, माउंट चिकटविणे, भिंतींवर जागांसाठी भांडणे. रात्री उशिरापर्यंत मुले शिड्यांवर. कुणी शिल्पाच्या मातीने माखलेले, कुणाच्या केसात रंग. एक जण गाणे म्हणतो, दुसरा त्याला हातोडीने ताल देतो. नावांच्या चिठ्ठ्या सुंदर अक्षरात लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या चित्राखाली मी लिहिले: 'अभ्यास: पाठमोरी आकृती', आणि खाली माझे नाव.

आई आणि काकू दुपारी आल्या. आईने ठेवणीतले लुगडे नेसले होते. नक्षीकामाच्या दालनात ती जरा सैलावली. एका आकृतिबंधाकडे पाहून म्हणाली, "हे तर आपले कासव आहे, ठिपके तेवढे पुसलेत." मग आम्ही त्या दालनात गेलो. माझे पाय जड झाले होते.

आई माझ्या चित्रापुढे उभी राहिली. बराच वेळ. मग ती काकूंना म्हणाली, "उजवा खांदा बघा. ही बाई लहानपणापासून पाणी भरत असणार."

शेजारी सुती पातळ नेसलेली एक बाई उभी होती. ती म्हणाली, "उजव्या हातात बादली, डाव्या कडेवर पोर. तीन मजले."

त्या मावशी होत्या. प्रदर्शन पाहायला आल्या होत्या. आई त्यांच्याकडे वळली, चित्राकडे पाहिले, पुन्हा त्यांच्याकडे पाहिले. मी श्वास रोखून धरला. आई म्हणाली, "शेक देता का रात्री? मीठ भाजून पुरचुंडी करा. आराम पडतो." आणि मग त्या तिघी बायका, माझी आई, मंडळाच्या चिटणीस आणि मावशी, बाहेर झाडाखाली बसून तासभर पाण्याच्या वेळा, रॉकेलच्या रांगा आणि मुलांच्या फिया यांविषयी बोलत राहिल्या. चित्रकलेचा शब्द निघाला नाही.

मैत्रिणींनो, ओळंबा धरून तीनदा मोजले तेव्हा मला तो खांदा दिसला. पण तो का पडला ते मला दिसले नव्हते. ते माझ्या आईने एका नजरेत ओळखले, कारण तिचाही खांदा तसाच होता. शाळेने मला खरे ते न खोडायला शिकविले. खऱ्याचा अर्थ आईने सांगितला. दोन्ही शाळा लागतात.

गाडीत आई एवढेच म्हणाली, "जा कॉलेजला. पण माळ्यावर काही ठेवू नकोस." हे सगळे तिला आवडले, असे मी म्हणणार नाही. ती चित्रे तिने पुढे कधी पाहुण्यांना दाखविली नाहीत. पण लपविलीही नाहीत.

पुढच्या वर्षी मावशींनी मला त्यांचे एक चित्र मागितले. "तोंडाचं काढ. डोईवर पदर घेतलेलं. घरी लावता येईल असं." घरी त्यांनी सांगितले होते, मी कॉलेजात झाडलोट करते. म्हणजे खोटे मी एकटीच बोलत नव्हते, आणि त्यांचे कारण माझ्याहून मोठे होते. मी चित्र काढून दिले. ते त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. १९७५ साली मला पदविका मिळाली. पुढे शाळेत तीस वर्षे ड्रॉइंग शिकविले, वडिलांची अट पाळली.

एक खंत मात्र राहिली. त्या प्रदर्शनात माझ्या चित्राखाली माझे नाव होते, सुंदर अक्षरात, मीच लिहिलेले. मावशींचे नाव कुठेच नव्हते. मी ते त्यांना कधी विचारलेसुद्धा नाही. पाच वर्षांत मी त्यांचे मनगट, मान, टाच, सारे मोजले. नाव तेवढे विचारायचे राहिले. आज मी त्यांचा उल्लेख करताना 'मावशी' एवढेच म्हणू शकते, याची मला लाज वाटते.

आता कॉलेज पुष्कळ बदलले आहे. पदविकेची पदवी झाली, आणि २०२३ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संगणकावर चित्रे निघतात. तुमच्यापैकी कुणाची मुलगी, कुणाची नात उद्या म्हणेल, मला तिकडे जायचे आहे. तेव्हा लगेच हो म्हणा असे मी सांगत नाही. काकूंनी सांगितले तेवढेच सांगते. न पाहता निकाल देऊ नका. तिच्याबरोबर जा, चित्रांपुढे उभ्या राहा. तुम्हाला चित्रातले कळत नाही असे समजू नका. तुम्हाला जे दिसेल ते तिथल्या गुरूंनाही दिसेलच असे नाही. आणि तुमच्या मुलीने कुणा बाईचे चित्र काढले तर तिला एक प्रश्न जरूर विचारा: "हिचे नाव काय?"