अंक पोचत का नाही?
(शहापूर-मुरबाड भागातील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



वर्गणी भरूनही अंक मिळत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण पोस्टाला दोष देण्याआधी आपल्या वहीतले पत्ते तपासू.

आपण सरसकट 'मु. पो.' असे एकत्र लिहितो. बाई राहते पाड्यावर, पोस्ट असते दुसऱ्या गावी. तिथे मुक्काम वेगळा, पोस्ट वेगळे लिहायला हवे. शहापूरचा ४२१६०१ किंवा मुरबाडचा ४२१४०१ एवढ्याने भागत नाही. एका पिनकोडात कितीतरी गावे येतात.

दुसरी गोष्ट नावाची. वर्गणी बाईची आणि पत्ता नवऱ्याच्या नावे! मग अंक घरात येतो, तिच्या हातात येत नाही. कुणाचे आपल्या वहीत माहेरचे नाव असते, पोस्टमनला सासरचे ठाऊक. पत्ता तिच्याच नावे घाला आणि पोस्टमनला भेटून ती कोण ते सांगा.

तिसरे, दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. घराला कुलूप, अंक परत. त्यांचा अंक आपणच भट्टीवर नेऊ, जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवू.

परत आलेल्या अंकावरून यादीतले नाव खोडू नका. ती कुठे गेली, ते आधी शोधा.